लेबल झाकून चाखा: कॅलिफोर्नियाची लाल आणि पांढरी वाइन ओळखायची कशी

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. तिथे दरवर्षी राज्याची मोठी जत्रा भरते आणि तिच्या निमित्ताने राज्यातल्या वाइनची स्पर्धाही होते. परीक्षक मुरलेले असतात. कोणी वाइन बनवणारे, कोणी विकणारे, कोणी तिच्यावर लिहिणारे. रॉबर्ट हॉजसन हे समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. संख्याशास्त्र पक्कं आणि हम्बोल्ट काउंटीत स्वतःची छोटी वायनरी. आपल्याच वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळतं आणि दुसऱ्या स्पर्धेत तिला कोणी विचारत नाही, हे त्यांना खटकत होतं. आयोजकांना राजी करून त्यांनी २००५ पासून चार वर्षं एक प्रयोग चालवला. परीक्षकांसमोरच्या ग्लासांमध्ये एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवायची, आणि हे त्यांना कळू द्यायचं नाही.

२००८ साली निष्कर्ष छापून आले. एकाच वाइनला एकाच माणसाने दिलेले गुण साधारण चारने वर-खाली होत होते. म्हणजे आत्ता ९० मिळालेली वाइन थोड्या वेळाने ८६ वर यायची आणि पुढच्या खेपेला ९४ वर जायची. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात राहिलेले परीक्षक दहात एक. त्यातही यंदाचा पक्का परीक्षक पुढच्या वर्षी पक्का राहील याची खात्री नाही.

यावरून ‘वाइन चाखणं म्हणजे सगळं थोतांड’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. डळमळतो तो आकडा. ‘ही आंबट आहे, हिला लाकडाचा वास आहे, ही गिळल्यावर तोंड कोरडं पडतं’ ही निरीक्षणं इतकी डळमळत नाहीत, आणि कोणालाही ती शिकता येतात. शिकायला कॅलिफोर्नियाची वाइन सोयीची पडते, कारण तिथे द्राक्ष पिकण्याच्या काळात पाऊस जवळजवळ नसतो, ऊन भरपूर असतं आणि फळ पूर्ण तयार होतं. त्यामुळे फळाचा वास, अल्कोहोल, ओकचं पिंप, लोण्यासारखा स्वाद, सगळं ठळक असतं. नवख्यालाही ते सापडतं.

ग्लास उचलण्याआधी

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या जुन्या थंड घरांसाठी होता. पुण्यात मे महिन्यात खोली बत्तीस अंशांवर असते. त्या तापमानाला लाल वाइनमधून आधी अल्कोहोलचा भपकाराच नाकात जातो आणि बाकी सगळं त्याखाली दबतं. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरे. पांढरीचं उलटं. फ्रिजमधून थेट काढलेली पांढरी इतकी गार असते की तिला वासच येत नाही. चांगली शार्डने (पांढऱ्या वाइनचं एक द्राक्ष आणि त्याची वाइन) १२ अंशांच्या आसपास खुलते. स्वस्त पांढरी मात्र गारच प्यावी. गारव्यात तिचे दोष झाकले जातात.

ग्लास वर निमुळता होत गेलेला हवा, आणि तिसरा हिस्साच भरायचा. घरात उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको आणि स्वयंपाकघरात फोडणी पडणार असेल तर बेत पुढे ढकला. बाकी साग्रसंगीत काही लागत नाही.

डोळ्यांचं काम थोडं आहे, पण फसवणूक तिथूनच सुरू होते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. पांढरी वाइन फिकट, हिरवट झाक असलेली असेल तर बहुधा तरुण आणि लाकडी पिंपात न ठेवलेली. सोनेरी असेल तर पिंपाचा, वयाचा किंवा हवेचा परिणाम. लाल वाइनची कड जांभळट म्हणजे तरुण, विटकरी म्हणजे मुरलेली. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांकडे बघून ‘वा, काय वाइन आहे’ म्हणण्याची पद्धत आहे. ते ओघळ अल्कोहोल उडून गेल्याने पृष्ठताणात पडणाऱ्या फरकामुळे दिसतात. त्यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

फसवणूक कशी, तर २००१ साली प्रसिद्ध झालेला फ्रान्समधल्या बोर्दोचा एक प्रयोग बघा. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून पुन्हा दिली. रंगीत ग्लासाचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनला लावतात ते शब्द वापरले. डोळ्यांनी नाकाला आधीच उत्तर सांगून ठेवलं होतं.

नाक

वाइनमधला बहुतेक सगळा मजकूर नाकात असतो. पहिला वास ग्लास न हलवता घ्या, दुसरा गोल फिरवून. दोन्हींत फरक पडतो, कारण फिरवल्यावर जड वासही वर येतात.

वासाला नाव देणं अवघड जातं, आणि पूर्वी या बाबतीत नुसता गोंधळ होता. वाइन ‘रुबाबदार’ असे, ‘खानदानी’ असे, ‘लाजरी’ असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधक ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं आणि असले शब्द हद्दपार केले. चक्राच्या मधल्या वर्तुळात ढोबळ गट: फळ, फूल, मसाला, लाकूड, माती, रसायन. बाहेर सरकत जावं तसं नेमकं होत जातं. फळ, मग लिंबूवर्गीय, मग चकोतरा. जो वास बाजारातून आणून समोर ठेवता येतो तोच शब्द चालेल, असा त्यामागचा दंडक. आपण ब्लॅककरंट कधी खाल्लेलंच नसेल तर ते नाव उगाच घेऊ नये. कॅबर्नेमध्ये, म्हणजे कॅबर्ने सोव्हिन्यॉन या द्राक्षाच्या लाल वाइनमध्ये, करवंद किंवा जांभूळ सापडलं तर तेच लिहावं. पिकलेला अननस, कैरी, वेलची, लवंग, ओली माती, सुकं खोबरं, इतका साठा आपल्या नाकात आधीच आहे.

वास येतात तीन ठिकाणांहून. काही द्राक्षातून येतात, काही रस आंबताना यीस्टने तयार केलेले असतात आणि उरलेले पिंपातून व काळाने येतात. ‘हा वास यापैकी कुठला?’ असं विचारायची सवय लागली की वाइन बनवणाऱ्याने काय केलं ते दिसू लागतं. चाखण्यातली खरी गंमत मला तिथे वाटते.

तोंड

शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा; टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. तो चुकीचा आहे. जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी कळतात. तेव्हा वाइन जिभेच्या ठरावीक जागी पोचवायच्या कसरती नकोत. मोठा घोट घ्या, तोंडभर फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. सुर्र असा आवाज होतो, होऊ द्या.

आता एकेक गोष्ट वेगळी काढा. आंबटपणा म्हणजे आम्ल: गिळल्यावर जबड्याच्या कोपऱ्यात लाळ सुटते, जितकी जास्त तितकं आम्ल जास्त. अल्कोहोल: घशात आणि छातीत ऊब. टॅनिन ही चव नाही, स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडातून आलेले हे पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या कोरड्या पडतात. जास्त उकळलेल्या कोऱ्या चहाने होतं तेच. पांढरी वाइन सालींशिवाय आंबवतात म्हणून तिच्यात टॅनिन जवळजवळ नसतं. उरला अंगचा जडपणा: पाण्यासारखी सडसडीत आहे की दुधासारखी भरीव.

गोडीबाबत हमखास गफलत होते. कॅलिफोर्नियाच्या लाल वाइनला मुरांब्यासारखा वास येतो, आणि मेंदू लगेच ‘गोड’ म्हणतो. एक युक्ती आहे. नाक चिमटीत धरा आणि घोट घ्या. नाक बंद असताना वास जात नाही, फक्त गोड-आंबट-कडू-तुरट उरतं. गोडी गायब झाली तर ती वासाची होती, वाइन कोरडीच, म्हणजे साखर न उरलेली आहे. गोडी तशीच राहिली तर साखर खरोखर आहे, आणि स्वस्त, लोकप्रिय अशा बऱ्याच कॅलिफोर्नियन लाल वाइनमध्ये ती असते. आता चिमूट सोडा. घशामागून नाकात जाणारा वास एकदम भरून येतो. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला किती भाग नाकाचा आहे ते त्या एका क्षणात समजतं.

शार्डने आणि लोण्याचं प्रकरण

शार्डने हे मुळात अबोल द्राक्ष आहे. स्वतःचा वास माफक, सफरचंद-लिंबाच्या आसपासचा. त्यामुळे वाइन बनवणारा करील तसं ते वळतं आणि कॅलिफोर्नियाने त्याला चांगलंच वळवलं. राज्यातल्या शार्डनेच्या बऱ्याचशा वेली ज्या मूळ कलमांवरून आल्या, ती लिव्हरमोरच्या वेंटी कुटुंबाच्या बागेतली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट किंवा डब्लिनला राहणाऱ्या मराठी मंडळींना हे ठिकाण अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.

लोण्याचा वास येतो तो असा. द्राक्षात मॅलिक आम्ल असतं, हिरव्या सफरचंदात असतं तेच, धारदार. मुख्य आंबवण झाल्यावर काही जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, जे दह्यात असतं आणि मऊ लागतं. या उलाढालीत डायअसिटिल नावाचा पदार्थ तयार होतो. पॉपकॉर्नला लोण्याचा स्वाद द्यायला उद्योगात वापरतात तोच. वर वाइन नव्या ओकच्या पिंपात ठेवली की व्हॅनिला येतो. अमेरिकन ओक असेल तर ओल्या नारळाची झाकही, फ्रेंच ओक त्यामानाने संयमी. तळाला बसलेलं मेलेलं यीस्ट अधूनमधून ढवळलं की वाइनला सायीसारखा भरीवपणा येतो. स्वस्तात हे करायचं तर टाकीत ओकच्या चकत्या टाकतात.

१९८० च्या दशकात ही धाटणी फार गाजली. केंडल-जॅक्सन वायनरीची १९८२ ची शार्डने आंबताना मध्येच थांबली आणि थोडी साखर तशीच उरली, असं सांगतात. लोकांना ती भारी आवडली आणि पुढे तो नमुनाच पडला. मग अर्थातच उलटा प्रवाह आला, ‘शार्डने सोडून काहीही द्या’ म्हणणाऱ्यांचा. त्यातून पिंप न लावलेली शार्डने आणि सोनोमाच्या किनाऱ्यावरची, सांता रिटा हिल्सची, अशी थंड भागातली, धार राखलेली शार्डने पुढे आली.

मग लोणी वाईट का? मला तसं वाटत नाही. परीक्षा अशी करा: ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा. वाइन थोडी तापली की पुन्हा वास घ्या. पिवळं सफरचंद, पिकलेला पेर, लिंबाची साल असं काहीतरी फळ लोण्या-व्हॅनिलाच्या जोडीला टिकून असेल आणि गिळल्यावर लाळ सुटत असेल, तर वाइन चांगली. फक्त व्हॅनिला उरला आणि तोंडात तेलकट, जडशीळ काहीतरी बसून राहिलं, तर किंमत काहीही असो, मी ती दुसऱ्यांदा ओतून घेत नाही.

सोव्हिन्यॉन ब्लांची गोष्ट सोपी आहे. ते द्राक्षच बोलकं आहे: गवत, ढोबळी मिरची, चकोतरा. कॅलिफोर्नियाच्या उन्हात त्याचा हिरवेपणा कमी होऊन खरबूज आणि पीच पुढे येतात. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पिंपात ठेवलेल्या सोव्हिन्यॉनला ‘फ्यूमे ब्लां’ असं नाव दिलं आणि न खपणारी वाइन खपू लागली. द्राक्ष तेच.

कॅबर्ने, धुकं आणि ऊन

नापाचं खोरं नकाशावर बघितलं तर जेमतेम पन्नास किलोमीटर लांब. कॅलिफोर्नियात होणाऱ्या एकूण वाइनपैकी चारेक टक्केच इथे होते, पण नाव इतकं मोठं की लोकांना सगळी कॅलिफोर्निया नापाच वाटते. राज्याच्या पोटातल्या तापलेल्या मध्य खोऱ्यात ढीगभर स्वस्त वाइन होते, ती या चर्चेत कधी येत नाही.

नापात उत्तरेकडे जावं तसं ऊन वाढतं. आपल्या डोक्यात ‘उत्तर म्हणजे थंड’ असं बसलेलं असतं, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं. कारण आहे समुद्र. पॅसिफिकचा तिथला प्रवाह थंडगार. आतलं मध्य खोरं दिवसा तापलं की हवा वर चढते आणि समुद्रावरची गार, धुकट हवा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. सॅन पाब्लो उपसागरावरून ती नापाच्या दक्षिण टोकाला, कार्नेरोसला पोचते. म्हणून गार कार्नेरोसमध्ये पिनो न्वार (लाल वाइनचं आणखी एक द्राक्ष) आणि शार्डने, आणि वर तापणाऱ्या कॅलिस्टोगाकडे कॅबर्ने. रात्री थंड पडत असल्याने आम्ल शाबूत राहतं आणि दिवसाच्या उन्हात साखर भरते.

कॅबर्ने सोव्हिन्यॉनच्या कच्च्या फळात पायराझीन वर्गातली संयुगं असतात, ज्यांचा वास थेट ढोबळी मिरचीचा. घडावर ऊन पडलं की ती कमी होतात. १९९० च्या दशकापासून बऱ्याच जणांनी हा हिरवा वास पूर्ण घालवायला घड वेलीवर आणखी काही काळ ठेवले. वास गेला, पण साखर वाढली. साखर वाढली की अल्कोहोल वाढतं. १९७० च्या दशकात साडेबारा-तेराच्या आसपास असलेली कॅबर्ने साडेचौदा-पंधरावर गेली. लेबलवरचा आकडाही अगदी काटेकोर नसतो. १४ टक्क्यांच्या वरच्या वाइनला अमेरिकन नियमात एक टक्क्याची इकडे-तिकडे मुभा आहे.

चाखताना टॅनिन किती आहे यापेक्षा ते कसं लागतं ते बघा. चांगल्या कॅबर्नेत टॅनिन भरपूर असूनही मखमली लागतं, सगळ्या तोंडात सारखं पसरतं. हिरव्या, अर्धकच्च्या बियांचं टॅनिन हिरड्यांना खरवडतं. नापातल्या हॉवेल माउंटनसारख्या डोंगरी भागात द्राक्षमणी बारीक असतात. रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून टॅनिन दणकट. अशी वाइन तरुणपणी प्यायला कठीण, दहा वर्षांनी वेगळीच. सपाटीवरच्या रदरफर्डची त्यामानाने लवकर मोकळी होते.

पिनो न्वारची साल पातळ. ग्लासमागचं अक्षर तिच्या वाइनमधून वाचता आलं पाहिजे. सोनोमातल्या रशियन रिव्हर खोऱ्यातली पिनो लाल चेरीच्या वासाची, मऊ. आणि झिनफांडेल हे कॅलिफोर्नियाचं लाडकं द्राक्ष. वर्षानुवर्षं ते ‘खास अमेरिकन’ मानलं जाई. मग डेव्हिसच्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली डीएनए तपासून ते क्रोएशियातल्या एका जवळपास नामशेष झालेल्या द्राक्षाशी जुळवलं. झिनचा एक घड जवळून बघितला तर त्यात एकाच वेळी बेदाणा झालेले मणी, पिकलेले मणी आणि हिरवट मणी दिसतात. हिरवे पिकेपर्यंत थांबावं तर बाकीचे सुकतात. त्या वाइनमधला मनुकांचा वास, मिरपूड आणि चढं अल्कोहोल या घडातूनच येतं.

बिघडलेली वाइन

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद माळ्याचा वास आला तर बुचाचा दोष: टीसीए नावाचं रसायन. वाइन विषारी नसते, पण फळ पार मरून गेलेलं असतं. हॉटेलात असं झालं तर बाटली परत करण्यात संकोच नको. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावाचा वास म्हणजे जिवाणूंचा उपद्रव. तबेल्याचा वास ब्रेटानोमायसीस या यीस्टचा. थोडा असेल तर काहींना आवडतो, मला नाही. पांढरीत चिरून ठेवलेल्या काळपट सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागलेली.

कॅलिफोर्नियापुरता आणखी एक दोष आता शिकून घ्यावा लागतो, धुराचा. २०२० साली नापा-सोनोमात ऐन काढणीच्या सुमारास वणवे पेटले आणि अनेकांनी त्या वर्षी लाल वाइन केलीच नाही. धुरातले ग्वायाकोलसारखे पदार्थ सालीतून आत जातात आणि द्राक्षातल्या साखरेला चिकटून बसतात. तसे बांधलेले असताना त्यांना वास नसतो. म्हणून ग्लास हुंगताना काही कळत नाही. तोंडात गेल्यावर लाळेने ते सुटतात, आणि गिळल्यानंतर काही सेकंदांनी विझलेल्या सिगारेटच्या राखेची चव येते. पांढरी वाइन सालींशिवाय आंबवतात, त्यामुळे ती यातून बरीचशी वाचते.

चांगली म्हणजे काय

आवडणं आणि चांगली असणं या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. दर्जासाठी मी आधी तोल बघते: आम्ल, टॅनिन, अल्कोहोल, फळ यांपैकी एकच पुढे येऊन बाकीच्यांना ढकलतंय का? पंधरा टक्के अल्कोहोल असूनही घसा जळत नसेल तर तोल आहे. साडेतेराला जळत असेल तर नाही. मग गिळल्यावर स्वाद किती सेकंद टिकतो ते मोजते. पाचेक सेकंदांत गेली तर साधी, वीसच्या पुढे रेंगाळली तर दखल घ्यायची. शेवटी, दुसऱ्या-तिसऱ्या घोटात काही नवं सापडतं की पहिल्या घोटातच सगळं संपलं, हे.

याला गुण देण्याची धडपड जुनी आहे. डेव्हिसच्या मेनार्ड अमेरिन आणि सहकाऱ्यांनी १९५९ च्या सुमारास वीस गुणांची पट्टी केली. तिचा रोख दोष पकडण्यावर होता. वाइन स्वच्छ आहे का, व्हिनेगरकडे झुकलीय का, असं. प्रयोगशाळेला ती ठीक होती. मग १९७८ मध्ये मेरीलँडचे वकील रॉबर्ट पार्कर यांनी आपलं वाइनवरचं पत्रक सुरू केलं आणि शंभराची पट्टी रूढ केली. शाळेतल्या मार्कांसारखी असल्याने ती सगळ्यांना लगेच कळली. ती शून्यापासून नाही, पन्नासपासून सुरू होते, आणि दुकानात दिसणारे आकडे बहुतेक ८५ ते ९५ मध्येच फिरतात. हॉजसन यांना दिसलेला चार गुणांचा हेलकावा आठवला की ८९ आणि ९१ मधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजायचे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. पार्कर यांना पिकलेली, दणदणीत वाइन आवडे, आणि नापातल्या कित्येकांनी तिकडे बघून काढणी लांबवली असं माझं मत आहे.

किंमत तर आकड्याहून बिलंदर. २००८ साली कॅलिफोर्नियातच, कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून कॅबर्ने पाजली. तीच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० ची जास्त आवडली, हे अपेक्षित होतं. पण मेंदूत सुखाची नोंद करणारा भागही त्या वेळी जास्त चेतलेला दिसला. म्हणजे लोक दिखाव्यासाठी खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरंच चांगली लागत होती.

म्हणून लेबल झाकायचं. पॅरिसमध्ये २४ मे १९७६ ला तेच झालं. स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदाराने नऊ फ्रेंच जाणकारांसमोर फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत नापाच्या शातो मोंटेलेनाची १९७३ ची शार्डने पहिली आली, लालमध्ये नापाच्याच स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबर्ने. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. लालमधला पहिल्या-दुसऱ्यातला फरक अगदी निसटता होता, हे विजयाच्या गोष्टी सांगताना कोणी सांगत नाही. ‘कॅलिफोर्नियाची वाइन टिकत नाही’ असं फ्रेंचांचं म्हणणं पडलं. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा झाकून चाखल्या तेव्हा रिज वायनरीची १९७१ ची माँटे बेलो पहिली आली. ती बाग क्युपर्टिनोच्या डोक्यावरच्या डोंगरात आहे, जिथून खाली आपल्या कित्येकांची घरं दिसतात.

लेबल उघडल्यावर वाचायचं काय? द्राक्षाचं नाव असेल तर त्यात ते किमान ७५ टक्के हवं. नापा व्हॅलीसारखा नोंदलेला प्रदेश असेल तर ८५ टक्के द्राक्षं तिथली, आणि त्यासोबत साल छापलं असेल तर ९५ टक्के त्या सालची. नुसतं ‘कॅलिफोर्निया’ असेल तर सगळी द्राक्षं राज्यातलीच. ‘रिझर्व्ह’ आणि ‘जुन्या वेली’ या शब्दांना अमेरिकन कायद्यात काही अर्थ नाही, कोणीही छापावं.

महाराष्ट्रात आयातीची बाटली महाग पडते, त्यामुळे सराव नाशिकच्या वाइनवर करावा, आणि तो काही दूरचा पर्याय नाही. नाशिकच्या सुला वायनरीचे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियातच नोकरी करून परतले, आणि सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने त्यांनी नाशकात सोव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां लावली. पुढे झिनफांडेलही आलं. कॅलिफोर्नियात काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, नाशकात साधारण जानेवारी ते मार्च. दोन्हीकडची सोव्हिन्यॉन शेजारी ठेवून बघा.

आणि आपल्याला खरंच काही कळतंय का हे तपासायचं असेल तर संशोधक वापरतात ती तिकोनी चाचणी घरी करा. तीन सारखे ग्लास. दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. ओतणाऱ्याने खाली चिठ्ठी चिकटवायची आणि खोलीतून बाहेर जायचं. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तीनातून एकदा बरोबर येतं, तेव्हा एका यशाने हुरळू नका. सहा वेळा करा, दर वेळी ग्लासांचा क्रम बदलून, घोट थुंकून, मध्ये साधं पाणी पिऊन. सहापैकी पाच बरोबर आले, तर नुसत्या नशिबाने इतके किंवा जास्त येण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. चार आले तर दहा टक्के, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा.